नवलाई क्रीडा मंडळाची गोदा

लांजा तालुक्यातल्या आमच्या गावात देवळामागं एक मैदान आहे. केरूकाका आणि त्याच्या बरोबरीच्यांनी तरुणपणी जांभा दगड फोडून, वर तांबडी माती ओढून ते केलं आणि नवलाई क्रीडा मंडळ काढलं. शिमग्यातल्या कबड्डीला चाकरमानी रजा काढून गावाला येत. मंडळाचा सगळ्यांत चांगला चढाईपटू केरूकाकाचाच मुलगा, बाळा. एका शिमग्यात चढाईवर असताना त्याचा आवाज मध्येच तुटला. तो मधल्या रेषेकडे वळला आणि पडला. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

मग त्या मैदानावर कुणी उतरेना. पुरुष मुंबईला पांगले आणि मैदानात रान माजलं.

गोदा या गावची सून झाली ती त्यानंतर. माहेरी जयगडला ती शाळेच्या संघातून खेळलेली. तिनं कोयतीनं रान साफ केलं, मुली गोळा केल्या आणि गावच्या बैठकीत मंडळाचं नाव पुन्हा लावायची परवानगी मागितली. सगळे हो म्हणाले. केरूकाका तेवढा उठून निघून गेला.

सराव सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत मधल्या रेषेवर कुंकू लावलेलं लिंबू आणि भात ठेवलेला दिसला. मुली मागं सरल्या. गोदानं तो उतारा उचलून पऱ्याच्या वाहत्या पाण्यात टाकला आणि म्हणाली, "चला, धावायला लागा." पुढं पुन्हा लिंबू आलं. मग एकदा मैदानभर करवंदीची काटेरी झुडपं पसरलेली निघाली. दोन आयांनी मुली पाठवणं बंद केलं.

गोदा रोज उजाडायच्या आधी येऊन देवळाच्या आडोशाला बसू लागली. एका पहाटे केरूकाका काट्यांचा भारा ओढत आला.

"काका, तुम्ही?"

म्हातारा दचकला नाही. भारा खाली ठेवून म्हणाला, "बंद कर गो हे. तुझी पुतणी चढाई करून आली की तिचे ओठ बघितलेस? निळे पडतात. माझ्या बाळाचेही पडायचे. मी म्हणायचो, दमलाय."

"मग सरळ सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर म्हातारा भ्रमलाय म्हणाली असतीस."

गोदाला खरंच तसं वाटलं. पुतणी शमिका संघाचा कणा होती, आणि दिवस थंडीचे होते. तिनं शमिकाला विचारलं तर ती हसली, "मी बरी आहे, काकी." तरी त्या दिवसापासून गोदाचं लक्ष खेळाकडे राहिना, शमिकाच्या तोंडाकडेच जाई. कधी रंग बदलल्यासारखा वाटे, कधी नाही. दवाखान्यात न्यावं असं मनात येई. पण दापोलीची स्पर्धा तोंडावर होती. एवढी झाली की नेऊ, असं ती स्वतःला समजावत राहिली.

दापोलीला संघ अंतिम फेरीत पोचला. सामना बरोबरीत असताना शमिका शेवटच्या चढाईला गेली. "कबड्डी, कबड्डी" अचानक बारीक झालं. गोदानं पाहिलं, ओठ जांभळासारखे काळपट झाले होते. ती रेषा ओलांडून आत धावली आणि शमिकाला कवेत धरून बाहेर ओढलं. पंचांनी शिट्टी मारली, लोक ओरडले, सामना गेला. शमिका तिच्या हातावर मारत होती, "सोड, काकी! सोड मला!" आणि मारता मारताच तिची शुद्ध हरपली.

आयोजकांची गाडी तयारच होती. दवाखाना जवळ होता म्हणून ती वाचली. हृदयाची झडप जन्मापासूनच अरुंद होती. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. खेळणं मात्र कायमचं बंद.

गावी परतल्यावर गोदा आधी केरूकाकाकडे गेली. तो पडवीत बसला होता.

"जगली?"

"जगली, काका."

त्यानं विचारलं, "म्हणजे बाळाचंही तेच होतं? कुणी दाखवलं असतं तर..."

गोदा त्याच्या शेजारी पडवीत बसली.

मंडळ आजही चालू आहे. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय गोदा एकाही मुलीला मैदानावर घेत नाही. शमिका तिकडे फिरकत नाही. गोदा तिच्या घरी गेली की ती उठून आत जाते. मैदानावर एखादीचा आवाज जरा बारीक झाला तरी गोदा रेषेपर्यंत धावत जाते आणि सगळ्या मुली खेळ थांबवून तिच्याकडे बघत राहतात.