पारोसं तोंड

सासूबाईंच्या गालात आतून काहीतरी होतंय, हे मला त्यांच्या ताटावरून कळलं. ज्या बाईला लसणाच्या चटणीशिवाय घास उतरत नसे, ती दुधात भाकरी कुस्करून खाऊ लागली. विचारलं तर म्हणाल्या, "उष्णता हाय." आमच्या तलवाड्यात प्रत्येक दुखणं उष्णतेच्याच खात्यावर जातं. मी मात्र घाबरले. भाजलेल्या तंबाखूची मिसरी त्या लग्नाआधीपासून दोन्ही वेळा दातांना लावत होत्या.

तेवढ्यात गेवराईला तोंडाच्या तपासणीचं शिबिर लागलं. तिथे नळीत थुंकीही घेत होते. तोंडात जंतूंची वस्ती असते. कर्करोग सुरू होताना ती बदलते का, याचा अभ्यास चालला होता. रान खारवटलं की तण बदलतं, तसंच काहीसं.

आमच्या बाईसाहेबांनी काय करावं? डॉक्टरांपुढे तोंड उघडायचं म्हणून पहाटेच कडुलिंबाच्या काडीने दात घासले, तुरटीच्या पाण्याने खळखळून चुळा भरल्या, वर लवंग चघळली. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "आजी, मला तुमचं न धुतलेलं तोंड हवंय. उद्या काही न खाता, चूळही न भरता या."

सासूबाई तोंड न दाखवताच तरातरा बाहेर पडल्या. "चार मान्सांम्होरं पारोशा तोंडानं जायचं? कावून?"

"आत्याबाई, लाजून बसल्यावर दुखणं थांबतं का?" मी फटकारलं.

दुसऱ्या दिवशी मिसरीविना त्या घरादारावर खेकसत निघाल्या. भिंतीकडे तोंड करून, पदराआड नळीत थुंकल्या. मग डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून गाल पाहिला. आत पांढरा चट्टा होता.

"थुंकीवरून आजार ठरवणं अजून आम्ही शिकतोय," त्या म्हणाल्या, "पण या चट्ट्याचा तुकडा तपासायलाच हवा."

निकाल येईपर्यंत मला घास गोड लागला नाही. कर्करोग झाला नव्हता. होण्याच्या वाटेवर होता. चट्टा काढायचा, मिसरी कायमची सोडायची, दाखवायला येत राहायचं. "वेळेत आलात, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी तिथंच रडले.

बसस्थानकावर ऊसतोडीला निघालेल्या बायका बसल्या होत्या. त्यातली एक तरणी पोर बोटानं मिसरी लावत होती. सासूबाई तिच्याजवळ जाऊन टेकल्या आणि त्यांनी तिची हनुवटी धरली.

"पोरी, आ कर. बघू दे मला."