कंपाउंडर आणि फुकटचा स्वर्ग

आमच्या कंपाउंडरला स्वर्गाची काळजी नव्हती. तिथे शेजारी कोण येणार याची होती. बत्तीस वर्षं डॉक्टरांच्या दवाखान्यात फळीआड उभं राहून त्यानं औषधं कालवली, बाटल्यांवर डोसांच्या कातरलेल्या पट्ट्या चिकटवल्या, आणि एकही बाटली चुकली नाही. हे तोच सांगायचा. दर रविवारी, उपासना संपल्यावर, कुणी विचारलं नाही तरी.

त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, जोडे दुरुस्त करायचा. वीस वर्षं दारूत घालवून तो गेल्या वर्षी चर्चमध्ये येऊन ढसाढसा रडला. पाळकांनी सांगितलं, देवाच्या कृपेनं याचंही तारण झालं. कंपाउंडरचा तिळपापड झाला. “मग आम्ही इतकी वर्षं काय झक मारली?” असं तो बायकोला म्हणाल्याचं आम्हाला ऐकू आलं. भिंत पातळ होती, आणि खरं सांगायचं तर कानही लावलेला होता. येशूनं शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला शेवटच्या घटकेला स्वर्गात घेतलं, हेच त्याला मुळात पटलेलं नव्हतं. निदान चार दिवस दाराबाहेर बसवायला हवं होतं, असं त्याचं मत.

एका सोमवारी मेहुणा पोरीच्या खोकल्याचं औषध न्यायला आला. कंपाउंडरनं त्याच्या तोंडाकडे न बघता बाटली पुढे सरकवली. पाठोपाठ रिटायर पोस्टमास्तर गुडघ्याला चोळायचं औषध घेऊन गेले.

बाराच्या सुमाराला पोस्टमास्तर लंगडत परत आले. औषधानं गुडघा चिकट झाला होता म्हणे. वर मुंग्या लागल्या होत्या.

कंपाउंडर हसला. मग त्यांच्या गुडघ्याला बोट लावून जिभेवर टेकवलं. गोड.

हसू जागच्या जागी विरलं. खोकल्याचं औषध गुडघ्यावर होतं, म्हणजे चोळायचं जहाल औषध सहा वर्षांच्या पोरीकडे गेलं होतं. पट्टी लावताना त्यानंच बजावलं होतं, पहिला डोस दुपारी जेवल्यावर.

तो पळत सुटला. उतारावर उजव्या जोड्याचा तळ उसवला, फटाफटा वाजायला लागला. रोज अर्धा तास प्रार्थना करणाऱ्या माणसाला त्या रस्त्यावर एक वाक्य सुचेना. देवाशी बोलताना बत्तीस वर्षं पुढे करायची सवय. आज पुढे करायला हातात काहीच नव्हतं. हे त्यानंच मला नंतर सांगितलं.

मेहुण्याचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पोर स्टुलावर बसलेली. ताट रिकामं. शेजारी चमचा, ओला.

 कंपाउंडरनं चमचा उचलून हुंगला. नुसतं पाणी.

“बाटली वर ठेवलीय, भाऊजी,” मेहुणा म्हणाला. “बूच काढलं आणि वास आला. वीस वर्षं नको ते प्यालोय. काय पिऊ नये, एवढं नाकाला कळतं.”

 डॉक्टरांकडे माझी तक्रार कर, कंपाउंडर म्हणाला. मेहुणा नाही म्हणाला. मग चार माणसांत मला बोल. तेही नाही.

“अरे, काहीतरी शिक्षा दे की.”

“भाऊजी, जोडा काढा. तळ लोंबतोय.”

कंपाउंडर एका पायात जोडा आणि एका पायात नुसता मोजा घालून बसला. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. पोर त्याच्याकडे बघून खोकत खोकत हसली. मेहुण्यानं तळ ठोकून दिला. कंपाउंडरचा हात खिशाकडे गेला. मेहुण्यानं ओठांत धरलेले खिळे न काढता नुसतं बघितलं. हात रिकामाच परत आला. मला वाटतं, त्या माणसानं आयुष्यात उचललेलं सगळ्यात जड ओझं तो दुरुस्त केलेला जोडा होता.

दवाखान्यात पोस्टमास्तर गुडघा वर करून ताटकळत होते. कंपाउंडरनं आधी पोरीचं औषध कालवून धाडलं, मग त्यांचा गुडघा धुतला, आणि डॉक्टरांना सगळं आपणहून सांगितलं.

रविवारी उपासना संपल्यावर आम्ही वाट बघत उभे होतो. बत्तीस वर्षांचा विषय निघाला नाही. उपासनेत तो मेहुण्याच्या बाकावर जाऊन बसला होता. “सरक जरा,” एवढं मात्र जुन्याच तोऱ्यात म्हणाला.