बूट घालून फेडलेला नवस

माझ्या लहानपणी दसरा झाला की आमच्या घराला कुलूप लागायचं, ते पाडव्याच्या आसपास उघडायचं. माय आणि बाबा ऊसतोडीला जायचे. मला गंगाखेडला मावशीकडे ठेवायचे, आणि मावशीच्या घरात खाणारी सहा तोंडं आधीच होती. दहावीच्या वर्षी बाबा म्हणाले, "लई झाली शाळा. औंदा पोरगी बी कोयता धरंल." मी मुकाट्यानं दप्तर बांधून माळ्यावर टाकलं. माय बाबांशी भांडली नाही. चुलीपुढं बसल्या बसल्या तिनं तुळजाभवानीला सांगितलं, "पोरगी शिकून कमाईला लागू दे. तिला चालत तुझ्या पायरीवर धाडीन." मग उठून तिनं माझं दप्तर खाली काढलं.

मी शिकले. आमच्या भावकीतली पहिली पदवीधर मी, हे मी कुणालाही सांगते, त्यात कसली लाज. पुढे गंगाखेडलाच एका सरकारी कार्यालयात कारकुनाची नोकरी लागली. त्या दिवशी मायनं पायातली चप्पल काढून ठेवली. देवीचं देणं फिटल्यावरच घालीन म्हणाली. मला वाटलं, दोन-चार महिन्यांचा प्रश्न आहे. पण आधी लग्न, मग बाळंतपणं, मग रजा नाही, मग सासूबाईंचं आजारपण. अकरा वर्षं गेली. अकरा उन्हाळे माय काळ्या रानात अनवाणी फिरली, आणि मी दरवर्षी म्हणत राहिले, "पुढच्या वर्षी नक्की."

मधल्या काळात तिला साखरेचा आजार जडला. गेल्या चैत्रात मलमपट्टी करणाऱ्या सिस्टरनं तिच्या टाचेतून बाभळीचा काटा काढला. काटा किती दिवसांपासून आत होता, मायला माहीतच नव्हतं, कारण पायाची जाणीवच गेली होती. डॉक्टर मला म्हणाले, "यांना चप्पल घाला, नाहीतर एक दिवस पाय काढावा लागेल." माय म्हणाली, "देवीचं फिटू द्या, मंग घालते." मी तिथंच ठरवलं, या कोजागिरीला तुळजापूर गाठायचं.

आणि आषाढात, कार्यालयात जाताना, माझी स्कूटी गतिरोधकावरून घसरली. उजवा घोटा मोडला. परभणीला ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसले. दीड महिना पाय प्लास्टरमध्ये. छताकडे बघत पडून राहायचे आणि देवीवर चिडायचे. जिच्याकडे जायला निघाले तिनंच माझा पाय धरावा, याचा अर्थ काय लावायचा? मी देव मानणारी आहे, पण त्या दिवसांत हात जोडले नाहीत.

प्लास्टर निघालं तेव्हा फिजिओथेरपीच्या मॅडमनी बजावलं, घोट्याला आधार देणारा बूट घालूनच चालायचं. मी हो म्हटलं आणि ऐकलं नाही. आमच्याकडे देवीला जायचं ते अनवाणी. त्यात माय अकरा वर्षं बिनचपलेची, आणि मी बूट घालून तिचा नवस फेडू? हा हिशोब मनाशी पक्का केला आणि रोज सकाळी गावाबाहेर उसातून जाणाऱ्या पांदणीच्या वाटेवर बूट पिशवीत ठेवून अनवाणी चालायचा सराव सुरू केला. घरी कुणाला सांगितलं नाही.

नवव्या दिवशी घोटा असा सुजला की पाऊल टेकवेना. बांधावर बसून मी रडत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "काऊन रडायलीस गं लेकी? नवऱ्यानं मारलं का?"

वळून बघितलं तर एक आराधीण, देवीच्या नावानं जोगवा मागत फिरणारी. गळ्यात कवड्यांची माळ, काखेत वेताची परडी, कपाळभर कुंकू. आणि लुगड्याखाली कापडी बूट, चांगले लेस बांधलेले, पुरुषी मापाचे.

"नवऱ्याची हिंमत न्हाई," मी म्हणाले.

"मंग चांगलं हाय." ती खाली बसली, माझा पाय मांडीवर घेतला, व्रणावरून अंगठा फिरवला. मी सगळं सांगून टाकलं. पिशवीतला बूट तिनं काढून बघितला आणि कपाळावर हात मारला. "लोखंड पायात, बूट पिशवीत! कुठवर शिकलीस म्हणालीस?"

"पदवीधर हाय मी."

"दिसायलंय."

मी विचारलं, "तुमी आराधीण असून बूट कसे काय?"

"बावीस खेपा चालत गेले तुळजापूरला. आईसाहेब तोंड बघती, पाय न्हाई बघत. चल, तुझ्या मायकडं चल. तिच्यासमोर देवीलाच इचारू."

कोंडाबाई तिचं नाव. सोनपेठकडची. तिच्या खांद्याला धरून मी लंगडत पांदणीच्या टोकाला असलेल्या मायच्या दारात गेले. माझा घोटा बघून मायनं आधी शिव्या दिल्या, मग रडली, मग चहा टाकला. चहा झाल्यावर कोंडाबाईनं देव्हाऱ्यापुढं परडी ठेवली आणि मूठभर ज्वारी मागितली. कौल लावायचा होता. मायनं प्रश्न विचारून चिमूट उचलायची, दाणे जोडीनं मोजायचे. जोड्या पुऱ्या झाल्या तर देवीचा होकार, एक दाणा एकटा उरला तर नकार. असं तीनदा.

मायनं डोळे मिटले. "आई जगदंबे, पोरगी पायताण घालून आली तर तुला चालंल का?"

कोंडाबाईनं मला ढोसलं. "तू मोज. न्हाईतर म्हणशील, म्हातारीनं दाणा लपिवला."

पहिल्या चिमटीत चौदा. दुसरीत अठरा. तिसरीत मी दोनदा मोजले. एकवीस. एक दाणा एकटा. मायचा चेहरा पडला. मायनं डोळ्याला पदर लावायला हात उचलला, आणि तिच्या अंगठ्याला चिकटलेला दाणा टपकन परडीत पडला. बाविसावा.

आता मी शिकलेली आहे. तीनदा जोडी येण्याची शक्यता आठात एक, हे मला समजतं. ओल्या बोटाला दाणा चिकटतो, हेही समजतं. मी त्याला चमत्कार म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. एवढंच सांगते, की तो दाणा पडला तेव्हा माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. मी मोठ्यानं हसले. आषाढापासून पहिल्यांदाच.

कोंडाबाई लगेच मायला म्हणाली, "पोरीला चालतंय, मंग तुला बी चालतंय की. घाल चप्पल."

"माझं देवीशी बोलणं येगळं हाय," माय म्हणाली. "तिचं चालणं होऊ द्या."

मी पिशवीतला बूट काढला आणि नाडी सैल करून पायात चढवला.

असल्या अनुभवांत येणारी माणसं पुढे कुणाला दिसत नाहीत, असं मी ऐकलंय. कोंडाबाई काही गायब झाली नाही. दर मंगळवारी हजर, आणि चहात साखर कमी पडली तर बोलून दाखवायची. मॅडमच्या व्यायामात तिनं आपली एक भर घातली. काठोकाठ भरलेला तांब्या हातात धरून पांदणीनं चालायचं. लंगडलं की पाणी सांडतं. पहिल्या दिवशी माझी साडी चिंब झाली. "आंघोळ घरी करावं बाई," ती म्हणाली. सूज दिसली की मात्र झाडाखाली बसवायची. मी घड्याळ काढलं की रागवायची, "तुला कुणी नेमून दिलंय का किती चालायचं? होईल तेवढं चाल. बाकीचं तिचं ती बघंल." भाद्रपद संपता संपता तांब्यातलं पाणी हलेनासं झालं. मॅडमनी घोटा तपासला आणि रोज थोडं थोडं चालून जायला परवानगी दिली.

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला आम्ही सात बायका निघालो. परळी, अंबाजोगाई, लातूर. इतर जणी माझ्यासाठी थांबायच्या, माझी पिशवी घ्यायच्या, आणि मी ती देऊ लागले. आयुष्यभर सगळं स्वतःच्या जोरावर केलं असा माझा ताठा होता. खरं तर दप्तर मायनं काढलं होतं, पाय डॉक्टरांनी जोडला होता, चाल कोंडाबाईनं दिली होती. देवीनं माझ्याकडून एकच मागितलं असावं, की कुणी हात दिला तर घे. हे कळायला मला घोटा मोडावा लागला, याबद्दल आता तक्रार नाही.

पौर्णिमेच्या सकाळी महाद्वाराशी बूट काढले आणि पायरीवर डोकं ठेवलं. मागायचं काही सुचलं नाही, नुसतं हलकं वाटत होतं. बाहेर येऊन मायला फोन लावला. ती "उदो" म्हणाली आणि फोन शेजारणीकडे दिला. शेजारीण म्हणाली, "थांब गं, तुझी माय चप्पल घालायलीय."

गंगाखेडहून तुळजापूरपर्यंत मी चौदा दिवसांत चालत गेले. मायचा नवस फिटला आणि तिचे दोन्ही पाय शाबूत आहेत.