सासूबाईंच्या खिडकीपुरता माड

गंगापूर रोडवरच्या आमच्या घरातून मी सकाळी निघाले, तेव्हा नवऱ्याने विचारलं, "नक्की काय आणायला चाललीस?" मी म्हटलं, "बुटका माड." त्याने चहाचा कप खाली ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि कप पुन्हा उचलला. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणूस बायकोच्या डोक्याची काळजी करणं सोडून देतो.

कारण सांगायला हवं. माझ्या सासूबाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या. खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी आल्या त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या, त्या पडल्याच. वॉकर आणला, त्यावर घरातले टॉवेल वाळू लागले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता उठल्या नाहीत तर पुढे उठणार नाहीत. मी घाबरले. भांडायला का होईना, मला ही बाई घरात हिंडती-फिरती हवी आहे. निदान उठून बसा, खिडकीबाहेर बघा, असं म्हटलं तर उत्तर आलं, "खिडकीतसून माडाचा चुडत (झावळी) दिसना नाय. बसान बघू काय?"

आता आमचं अंगण म्हणजे दोन सतरंज्यांची जागा. त्यात माड लावला तरी आमच्या तळमजल्याच्या खिडकीतून दिसणार खोड, आणि झावळ्यांची मजा मारणार वरच्या मजल्यावरचे लोक, ज्यांच्याशी आमचं पाण्याच्या टाकीवरून बोलणं बंद आहे. तेव्हा झाड असं हवं की जन्मभर खिडकीच्या उंचीवर वाकून उभं राहील आणि नाशिकची थंडी सोसेल. नाशिकची हवा मोठी मऊ, असं सगळे सांगतात. ते बहुधा जानेवारीत बाहेरगावी असतात.

पहिला मुक्काम घराजवळचीच नर्सरी. तिथे सगळंच 'रेअर' होतं. तुळससुद्धा रेअर होती. मालकाने एक कुंडी पुढे सरकवली. "घ्या मॅडम, एकदम रेअर पाम." मी फोटो काढून घरी पाठवला. नवऱ्याने तो सासूबाईंना दाखवला आणि त्यांचा निकाल मला कळवला, "बँकेत असता ता." खरंच होतं. आमच्या बँकेत ते रेअर झाड चौकशीच्या खिडकीशी उभं आहे, आणि चौकशीला माणूस नसल्यामुळे लोक त्याच्याशीच बोलतात.

तिथून रिक्षाने अंबडला. कारखान्यांच्या फाटकांसमोर बागा करून देणारे एक गृहस्थ तिथे आहेत असं कळलं होतं. त्यांनी मला गोदामात नेलं. आत पामच पाम, सगळे हिरवेगार, सगळे एका उंचीचे. मी हरखून पानाला हात लावला. प्लास्टिक. "ह्याला पाणी पण लागत नाही," ते अभिमानाने म्हणाले. मी म्हटलं, आमच्या सासूबाईंना खरं लागतं. त्यावर ते म्हणाले, "लांबून कुणाला कळतंय मॅडम? आख्ख्या कंपनीला कळलं नाही." एवढं मात्र त्यांनी केलं, की इगतपुरीच्या एका पामवेड्या माणसाचा पत्ता दिला. तो वेडा आहे हे त्यांनी दोनदा सांगितलं.

बाहेर टपरीवर मिसळ खाल्ली. तर्री मागू नका असं सांगणारं कुणी जवळ नव्हतं, म्हणून मागितली, आणि इगतपुरीच्या एसटीत बसून घाटमाथा येईपर्यंत डोळे पुसत राहिले. शेजारच्या बाईने कोण गेलं असं हळूच विचारलं. बाहेर भात पिवळं होऊन आडवं पडलं होतं, डोंगरांवर ढग बसले होते, आणि खिडकीतून येणारा वारा थंड आणि ओला होता. अशा हवेत कुठलंही झाड जगेल असं मला वाटलं.

पामवेडे म्हणजे रशीदभाई, रेल्वेतून निवृत्त झालेले. घरामागे हिरव्या जाळीखाली त्यांची कुंड्यांची वस्ती. एका कुंडीशी मी थांबले. बारीक, पिसासारख्या झावळ्या, कमरेएवढी उंची. "हा ब्राझीलचा," ते म्हणाले. "नारळाच्याच खानदानातला, पण उंची नाही. तुमच्या-माझ्या डोक्यावर जायला लय वर्षं घेतो."

"केवढ्याला?"

"विकत नाही. ज्याच्या घरी जगेल त्याला देतो."

आणि चौकशी सुरू झाली. ऊन कुठल्या बाजूने येतं? पाणी कोण घालणार? कुणी कुंडीत सिगरेट विझवतं का? मी मुलासाठी मागणी घालायला आल्यासारखी पदर सावरून उत्तरं देत होते. शेवटी चहा-नानखटाई घेऊन आलेल्या त्यांच्या बायको, सलमाभाभी, म्हणाल्या, "देऊन टाका हो. माझ्या अब्बांनी तुमची एवढी चौकशी केली असती, तर मी आज इगतपुरीत नसते."

"कोणासाठी पाहिजे, तेवढं सांगा," रशीदभाई म्हणाले. मी सासूबाईंचं सांगायला लागले, आणि 'त्या उठतच नाहीत' इथे आल्यावर पदर डोळ्यांना लावला. रशीदभाईंनी कुंडी उचलून माझ्यासमोर ठेवली.

परतीच्या एसटीत कुंडी मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "कुठं सत्यनारायण हाय का?" मी हो म्हटलं. ब्राझीलपासून सुरुवात करायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी खिडकीखाली खड्डा करून झाड लावलं. खिडकीत झावळ्या हलल्या. सासूबाईंनी मान वळवली, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "खड्ड्यात मीठ घातलंस?"

कोकणात माड लावताना खड्ड्यात मीठ घालतात. पण ह्याला खारं पाणीही सोसत नाही, असं रशीदभाईंनी निघताना बजावलं होतं. मी म्हटलं, "नाही आई. हा मरेल मिठाने."

"मिठाशिवाय माड जगता?"

"हा जगतो." मी स्वयंपाकघरात निघून आले. थोड्या वेळाने बाहेर काहीतरी घासल्याचा आवाज आला. टॉवेल जमिनीवर पडले होते आणि वॉकर धरून सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. घामाघूम. "मिठाचो डबो घे," त्या म्हणाल्या, "आणि चल माझ्यावांगडा (माझ्याबरोबर)."

मी डबा काढला आणि त्यांच्या मागून चालू लागले. अंगणापर्यंत त्या कुठेही थांबल्या नाहीत, आणि मीठ त्यांनी स्वतःच्या हाताने घातलं. मी अडवलं नाही. तेव्हा त्यांनी घरातलं सगळं मीठ मागितलं असतं तरी मी दिलं असतं.

झाड आता पिवळं पडलंय. रशीदभाईंचा फोन येतो, मी तब्येत छान आहे म्हणून सांगते. कोणाची ते सांगत नाही. सासूबाई रोज सकाळी वॉकर घेऊन अंगणात जातात, वाकून झावळ्या बघतात आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "मीठ कमी पडला."