हौदाची पितळी तोटी

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला की चेरीतालच्या घरातली एक दुपार आठवते.

बाबा संरक्षण कारखान्यात फिटर होते. धाकट्या बहिणीच्या खेळण्यासाठी आणलेल्या प्लॅस्टिकच्या हौदातलं पाणी रोज तांब्यानं उपसावं लागे. म्हणून त्यांनी तापलेल्या सळईनं हौदाला तळाशी भोक पाडलं, सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून घातला आणि एक पितळी तोटी बसवली. पाणी आपसूक नालीत जाऊ लागलं.

आईची नजर तोटीवरून हलेना. कारखान्याच्या फाटकावर झडती होत असे. खिशात एक नट सापडला तरी नोकरी जायची.

"ही कुठून आणली?"

"बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातून."

"काहून खोटं बोलून राहिले? नवी तोटी अशी काळी असते का?"

"अच्छा, म्हणजे मी चोर?"

"कारखान्यातली असेल तर आत्ताच सांगा."

आईनं बहिणीला हौदातून उचलून आत नेलं आणि त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच कूलरमध्ये बादली ओतली. सगळं पाणी फरशीवर पसरलं. कूलरच्या तळाची तोटी जागेवर नव्हती.

"उद्या दुसरी लावणारच होतो," बाबा दारातून म्हणाले.

आई त्या पाण्यातच बसली आणि हसत सुटली. "चोर तर निघालेच तुम्ही. पण घरातले!"

ती थट्टा करते आहे, असं मला वाटलं. बाबांची नोकरी वाचल्याचं ते हसू होतं, हे मात्र स्वतः नोकरीला लागल्यावर कळलं.