क्राइनचे दोन दिवस

माझा धाकटा भाऊ क्राइन एकसष्ट वर्षांचा आहे आणि त्याला दोनपर्यंत मोजता येत नाही.

समुद्र अडवणाऱ्या बांधाखालचं शेत त्याचा जीव की प्राण. कोरड्या उन्हाळ्यात तिथे खालून समुद्राचं पाणी वर झिरपतं आणि बटाटे करपतात. तीन वर्षं हेच. यंदाही पीक गेलं तर शेतात पाणी सोडून ते पक्ष्यांना देणार, असं सरकारकडून कळवून झालं होतं.

शुक्रवारी संशोधन केंद्रातली फेम्के एक पिंप घेऊन आली. बांधापलीकडे खाऱ्या चिखलात मजेत वाढणाऱ्या झाडांच्या मुळांवरचे जिवाणू त्यात होते. ते बटाट्याच्या मुळांवर बसले की झाडाला खारं पाणी सोसतं म्हणे. तिनं पिंपात काकवी ओतली आणि बजावलं, "काका, दोन दिवस वाढू द्या. मग लगेच ओळींना घाला. खाणं संपलं की मरतात."

"दोन दिवस. समजलं."

समजलं कसलं, कपाळ! आमच्या गावात रविवार दिवसांत धरतच नाहीत. त्या दिवशी कुणी कपडे वाळत घालत नाही, बटाटेसुद्धा शनिवारीच सोलून ठेवतात. याचे दोन दिवस म्हणजे शनिवार आणि सोमवार! रविवारी सकाळची प्रार्थना आटपून आलो, तर पिंप फेसानं उतू चाललेलं.

"क्राइन, आजच घालायला हवं."

"आज रविवार आहे, नेलाताई."

"सकाळी गाईंची धार काढलीस ना?"

"गाईला दुखतं. ती हंबरते."

"मग या जिवाणूंनीही हंबरायला हवं होतं का? शेत जाईल रे!"

"देवाच्या मनात असेल तर जगतील उद्यापर्यंत," म्हणून यानं सूप संपवलं आणि खुर्चीत घोरायला लागला.

अशा माणसापुढे डोकं आपटून काय उपयोग! मी काळ्या झग्यातच झाऱ्या उचलल्या. दुपारच्या प्रार्थनेची घंटा होईपर्यंत सहा ओळी झाल्या. आयुष्यात पहिल्यांदा रविवार मोडला. चर्चमध्ये क्राइननं माझ्या चिखलानं भरलेल्या बुटांकडे पाहिलं आणि प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. उरलेल्या तीस ओळींना त्यानं सोमवारी ते कुजकं पाणी घातलं, अगदी मनोभावे.

जुलैत तीस ओळी करपल्या, सहा हिरव्यागार. फेम्के पाहायला आली. त्या रविवारी बांधावरून कुणालातरी काळ्या कपड्यातलं कुणीतरी दिसलं होतं, म्हणून चर्चचे पंच डिंगेमानही चौकशीला हजर.

"या सहा ओळींना वेळेवर घातलंय, रविवारी!" फेम्के खुशीत म्हणाली. "यावर आणखी एक वर्ष नक्की मागता येईल."

"रविवारी कुणी घातलं?" डिंगेमाननी विचारलं.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात जन्मात कधी खोटं न बोललेला माझा भाऊ म्हणाला, "मी."

शेताला वर्ष मिळालं. क्राइनला मात्र पश्चात्ताप व्यक्त करेपर्यंत प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये सगळे मिळून पवित्र पाव खातात त्या, टेबलाशी बसायला बंदी झाली.

"अरे, 'चुकलो' म्हण आणि मोकळा हो," मी रोज सांगते.

"जे केलंच नाही त्याचा पश्चात्ताप कसा करू? ते खोटं होईल."

"मग मीच जाऊन खरं सांगते!"

"म्हणजे मी पंचांसमोर खोटं बोललो हे गावभर होईल. गप्प बस."

या अकलेला काय म्हणावं! परवा प्रभुभोजन झालं. मी टेबलाशी, तो शेवटच्या बाकावर एकटा. थाळी माझ्यापर्यंत आली, पावाचा तुकडा तोंडात घातला, आणि काही केल्या तो घशाखाली उतरेना.