दोन रेघांचे पगारे सर

जेलरोडच्या त्या कॉलनीत जीवन पगारे सरांना पाठीमागे कुणी जीवन म्हणत नसे, पगारे तर नाहीच. सगळे म्हणत 'दोन रेघा'. सर इंग्रजीचे. शाळा असो की घरची शिकवणी, फळ्यापाशी आले की तीन इंग्रजी अक्षरं लिहायची, पुढे दोन रेघा ओढायच्या आणि हात मागं बांधून उभं राहायचं. सुरुवात तीच, लांबी तीच, आता भरा रेघा! जी-आर-ए लिहिलं की मागच्या बाकावरून आधी 'ग्रेप' यायचं. नाशिकची पोरं ती, त्यांना दुसरं काय सुचणार! मग ग्रेन, ग्रास, ग्रेड. एस-टी-ए लिहिलं की स्टँड, स्टार्ट, स्टॅम्प, स्टाफ, स्टेज. पाढ्यासारखं, अगदी चालीवर. सर म्हणत, "शब्दांनाही भावंडं असतात रे. एकाला हाक मारा, बाकीची धावत येतात."

शेजारच्या भागीबाई तर शपथेवर सांगायच्या, की मास्तर घोरतो तेही पाच अक्षरी.

मागल्या उन्हाळ्यात सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. समजायचं सगळं. डोळे बोलायचे, पण तोंडातून नुसतं 'अं' निघायचं. लताबाई, त्यांची बायको, पाण्याचा पेला, चष्मा, चादर, एकेक वस्तू समोर धरून विचारायच्या, "अहो, हे हवंय? मग हे?" सर डाव्या हातानं कपाळ बडवून घ्यायचे.

एके दिवशी रिक्षावाला संतोष केळी घेऊन आला. सरांचाच जुना विद्यार्थी, सरांच्या शिव्यांवर पोसलेला. काय बोलावं सुचेना, म्हणून त्यानं भिंतीवरच्या फळ्यावर एस-टी-ए लिहिलं आणि दोन रेघा ओढल्या. सरांचे ओठ थरथरले.

"स्टँड," सर म्हणाले. मग स्टार्ट, स्टॅम्प, स्टाफ. सगळी भावंडं रांगेत आली!

संतोष ओक्साबोक्शी रडला आणि गल्लीत ओरडत सुटला, "सर बोलले! सर बोलले!" पेढे वाटले गेले. मग काय, कॉलनीला खेळच सापडला. येता-जाता जो तो दारातून डोकावे, "सर, एस-टी-ए!" आणि सर चालू. माणसं खूश होऊन घरी जायची. लताबाई पेला पुढे करून विचारायच्या, "काय हवं?" सर जिवाच्या आकांतानं सांगायचे, "स्टॅम्प." चुकलं हे त्यांचं त्यांनाच कळायचं. मग डोळ्यांतून पाणी. पण ते बघायला कॉलनी थांबलेली नसायची.

वाचेचे उपचार करायला पायल नावाची मुलगी यायची. ती म्हणाली, "काकू, इंग्रजी राहू द्या. शब्दाचं पहिलं अक्षर तुम्ही द्या, पुढचं ते भरतील. आधी तुमचं नाव घ्या. काकांना हाक मारता आली पाहिजे."

लताबाईंनी एस-टी-एच्या खाली 'ल' लिहिला आणि पुढे एक रेघ ओढली. रोज सकाळी बुद्धवंदना झाली की समोर बसायच्या. "म्हणा, ल… ल…" सर त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. ओठ हलायचे आणि मिटायचे. रेघ रिकामीच.

तशात ती सकाळ आली. लताबाई आत भाकरी थापत होत्या. बाहेरून सरांचा आवाज आला, "स्टँड! स्टार्ट! स्टॅम्प!" आवाज चढत गेला. भागीबाई मागच्या दारात कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. लताबाई हसून म्हणाल्या, "ऐका, आज सरांचा तास रंगलाय."

"रंगू दे बाई. चावी दिली कुणीतरी," भागीबाई म्हणाल्या.

शेवटची भाकरी टोपल्यात टाकून लताबाई बाहेर आल्या, तर खुर्ची आडवी. सर खुर्ची आणि खिडकीच्या मध्ये अडकलेले, मान वाकडी, निर्जीव पाय अंगाखाली दुमडलेला, कपाळातून रक्त. आणि तोंडानं अजून चालूच, आता नुसतं पुटपुटणं, "स्टेज… स्टाफ…"

माणूस मदतीला बोलावत होता. त्याच्याजवळ होते तेवढेच शब्द घेऊन बोलावत होता. आणि बायको आत कौतुक करत होती.

पायाचं हाड मोडलं. मुलगा राकेश सिन्नरच्या कारखान्यात, तिकडेच राहतो; धावत आला. वाईट नाही पोरगा, पण घाबरलेलं माणूस कठोर बोलतं. "आई, तू आत असलीस आणि पप्पांना श्वास लागला, तर ते तुला काय म्हणून हाक मारणार? स्टॅम्प? शहराबाहेर एक केंद्र आहे. तिथं दिवसभर कुणीतरी समोर बसलेलं असतं. रविवारी गाडी घेऊन येतो."

"एक हाक मारली, तर ठेवशील इथं?" लताबाईंनी विचारलं.

राकेश खाली बघत म्हणाला, "मारली तर."

त्या आठवड्यात लताबाईंनी दाराला आतून कडी घातली. संतोषलासुद्धा परत धाडलं. सकाळ नाही, दुपार नाही. "ल… ल… अहो, म्हणा ना, ल…" स्वतःच्या नावाची त्यांना शिसारी आली. सर आधी प्रयत्न करायचे, मग मान फिरवायचे, मग लहान पोरासारखे रडायचे.

भागीबाई खिडकीतून बघून म्हणाल्या, "लते, एक विचारू? मास्तरनं जन्मात कधी तुला नावानं हाक मारली होती का गं?"

ती चाल त्यांच्या घरात नव्हतीच. ना यांनी त्यांचं नाव घ्यायचं, ना त्यांनी यांचं.

"मग जे तोंडात कधी नव्हतंच, ते परत कुठून यायचं?" एवढं बोलून भागीबाई गेल्या. गाठ दाखवून द्यायची, सोडवायची नाही, ही त्यांची जुनीच खोड.

रविवारी राकेश आला. पिशवीत कपडे, औषधं, चष्मा भरून झाला. लताबाई सरांपुढे गुडघे टेकून बसल्या, त्यांचा डावा हात धरला. "शेवटचं म्हणा. ल…"

सरांनी डोळे मिटून घेतले.

"आई, पुरे. नको छळूस त्यांना," राकेश म्हणाला.

लताबाई उठल्या. समोर फळा. वर ते एस-टी-ए, स्टँड-स्टार्टची ती सगळी पलटण, जिनं त्यांच्या नवऱ्याची जिवावरची हाक त्यांच्यापासून लपवली होती. खाली त्यांचा तो 'ल' आणि कोरडी रेघ. डोकंच फिरलं त्यांचं. स्वयंपाकघरात गेल्या, फडका बादलीत बुचकळला, पिळलासुद्धा नाही, आणि फळ्यावर खसाखसा फिरवायला लागल्या. पाण्याचे ओघळ भिंतीवरून खाली आले.

आता त्या घरात फळ्याला ओला फडका म्हणजे महापाप. ओल्या फळ्यावर खडू उमटत नाही, आणि या एका गोष्टीवरून लग्नापासून भांडणं. न्हाणीघरातून, रस्त्यावरून, कुठूनही सरांना त्याचा वास लागायचा.

"स्टँ…" मागून आवाज आला. "स्टा…" खुर्ची करकरली. लताबाईंनी वळूनही पाहिलं नाही, घासतच राहिल्या.

"अगं!"

हात थांबला.

"अगं ए!" सर संतापानं लाल झाले होते. डावा हात फळ्याकडे रोखलेला. फडका, ओला, नको, यातलं काही आलं नाही. पण दर भांडण ज्यानं सुरू व्हायचं, ते जसंच्या तसं बाहेर आलं होतं.

राकेशच्या हातातली पिशवी खाली टेकली. लताबाई आत गेल्या, ओट्याला धरून उभ्या राहिल्या आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

बाहेरून पुन्हा आलं, "अगं!"

संसारात पहिल्यांदाच लताबाईंनी हाकेला ओ दिली नाही. अजून एकदा येऊ दे, मनाशी म्हणाल्या.